मामाची मांडी

“पाट आणलाय ना कुणी?” भालकाकांनी विचारले, तेव्हा आम्ही मिरजेच्या एका रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावर, शस्त्रक्रियागृहाच्या दारासमोर उभे होतो.

पाट आणलेला होता. सुलूआत्यांनी तो सांगलीहून जुन्या चादरीत गुंडाळून, हळदीकुंकवाच्या करंड्यासह आणला होता. निरांजनही आणले होते. पण प्राणवायूच्या नळकांड्यांशेजारी ते पेटवू देणार नाही, असे सांगण्याचा अधर्म तिथल्या परिचारिकेने केला. आत्यांनी तिच्याकडे एकदा नीट पाहून घेतले, निरांजन पर्समध्ये परत ठेवले आणि पाट मात्र मांडला. जिन्याच्या बाजूला, भिंतीशी, पूर्वेकडे तोंड येईल असा.

त्या पाटावर मी बसायचे होते आणि माझ्या मांडीवर माझा सहा वर्षांचा भाचा पुष्कर. कारण मी मामा. जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसते, कान टोचताना मामाच्या मांडीवर बसते; मग शस्त्रक्रियेआधी भूल देताना ते दुसऱ्या कुणाच्या मांडीवर कसे बसणार? हा भालकाकांचा युक्तिवाद. मी त्या काळी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होतो. त्यामुळे त्या घरातल्या कोणत्याही वादात माझे म्हणणे विचारात घेतले जात नसे.

भालकाका म्हणजे माझ्या बहिणीचे, वैजूचे, चुलतसासरे. शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना त्यांनी एवढ्या कार्यक्रमांचे अध्यक्षस्थान भूषवले होते, की अध्यक्षाशिवाय एखादी घटना घडू शकते ही कल्पनाच त्यांना सुचत नसे. सुलूआत्या या पुष्करच्या वडिलांच्या थोरल्या बहीण. आणि ते वडील, म्हणजे आमचे हेमंतराव, गाडी लावायला खाली गेले होते. कोणत्याही कौटुंबिक पेचप्रसंगी हेमंतरावांना गाडी लावायला जागा सापडत नसे.

पुष्कर स्वमग्न मुलगा. तो बोलत नव्हता, हाक मारली तर वळून पाहत नव्हता, आणि त्याच्या दिवसाची एक ठरलेली मांडणी होती. तिच्यातली एखादी वाटी जरी जागची हलली तरी सगळे घर हलत असे. हे आम्हांला सवयीचे झाले होते. नवे दुखणे वेगळेच होते. त्याच्या नाकाच्या मागे, घशाच्या वर असलेली गाठ, डॉक्टर जिला अॅडेनॉइड म्हणतात ती, इतकी वाढली होती की झोपेत त्याचा श्वास अडत असे. तो घोरायचा, मग एकाएकी गप्प व्हायचा. त्या गप्प होण्यात वैजू अंथरुणात उठून बसायची आणि त्याला हलवायची. मग एक मोठा, पोहणाऱ्याने पाण्यावर डोके काढून घ्यावा तसा श्वास, आणि पुन्हा घोरणे. झोप न झालेला मुलगा दिवसभर भिंतीवर डोके आपटायचा. वैजूच्या चेहऱ्यावर आता डोळे कमी आणि डोळ्यांखालचे काळे जास्त दिसू लागले होते. गाठ काढायला हवी होती, आणि लवकर.

हे घरी सांगितले तेव्हा आत्यांनी त्यातून आपल्याला हवे तेवढे उचलले. बोलणे घशातून येते. घशाच्या तोंडाशी गाठ आहे. ती काढली की अडलेले सगळे शब्द बाहेर येतील. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून समजावले, की याने झोप सुधारेल, ऐकण्यातही कदाचित फरक पडेल, पण स्वमग्नता ही काही गाठ नव्हे आणि ती चिमट्याने निघत नाही. आत्यांनी मान डोलावली आणि घरी आल्याबरोबर सर्व नातेवाइकांना फोन करून ‘फरक पडेल’ हे दोनच शब्द कळवले. शस्त्रक्रियेच्या दिवशी त्या पेढे घेऊन आल्या होत्या. पहिला शब्द कोणता असेल यावर घरात पैजा लागल्या होत्या. आत्यांना ‘आई’ हा शब्द मान्य होता, पण आपलाही दावा त्यांनी अगदीच सोडला नव्हता.

वैजूने मात्र शब्दांचा विचार केला नव्हता. तिने मुखवट्याचा विचार केला होता.

लहान मुलांना भूल देताना आधी सुई टोचत नाहीत. नाकातोंडावर रबरी मुखवटा ठेवून वायू हुंगायला देतात. चेहऱ्याला कुणाचा हात लागला तर किंचाळणाऱ्या मुलाला हे कसे सोसावे? वैजूने भूलतज्ज्ञ डॉक्टर मुजावर यांच्याकडून तसला एक मुखवटा मागून घेतला. या मुजावरबाई मितभाषी आणि जरा फटकळ होत्या. पण असे मागायला येणारी आई त्यांना फारशी भेटली नसावी. वैजूने तो मुखवटा घरी खेळण्यांच्या टोपलीत टाकून ठेवला. मग स्वतःच्या नाकाला लावला. मग घडी घातलेल्या निळ्या गोधडीवर बसून रोज दुपारी, एकाच वेळी, लावू लागली. काही आठवड्यांनी पुष्कर आपण होऊन त्या गोधडीवर येऊन बसला, तिच्या हातातला मुखवटा घेतला आणि आपल्या नाकावर दाबून धरला. का, ते तोच जाणे. पण त्यानंतर ते त्याच्या दिवसाच्या मांडणीत बसले.

मुजावरबाईंशी ठरले ते असे : पुष्करचा क्रम सकाळी पहिला. अंगावर घरचाच सदरा. आत निळी गोधडी, गोधडीवर आई. बाकी कुणी नाही.

“बाकी कुणी नाही?” भालकाकांनी आदल्या संध्याकाळी विचारले होते. “आईचं काळीज असतं, ती रडणार. अशा वेळी पुरुषमाणूस लागतो. हे मामा, श्रीनिवासराव, आहेत की. ते आतही बसतील.”

मी सांगितले, की काका, पुष्कर माझ्या मांडीवर बसणार नाही.

“का नाही बसणार? आधी दोनदा बसलाय.”

हेच तर दुखणे होते. तो माझ्या मांडीवर आयुष्यात दोनदाच बसला होता. पहिल्यांदा जावळाला. नवे धोतर, डोक्याला टोपी, खांद्यावर उपरणे अशा थाटात मी पाटावर मांडी घालून बसलो, त्याला माझ्या मांडीवर ठेवले आणि त्याच्या डोक्यावरून वस्तरा फिरला. दुसऱ्यांदा कान टोचताना. तोच पाट, तीच टोपी, तीच मांडी. या खेपेस सोनार आणि तार. इतर मुले हे विसरतात. भाचरे मामाच्या मांडीवर नाचतात, खिसे चाचपतात. पुष्कर काहीच विसरत नाही. त्याच्या हिशेबी, मी मांडी घातली की कुणीतरी धारदार वस्तू घेऊन येते. आणि जे दोनदा पाहिले त्यावरून त्याने काढलेला हा निष्कर्ष माझ्या वर्गातल्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या निष्कर्षांहून अधिक शुद्ध होता. त्यानंतर मी घरात आलो की तो पलंगाखाली जात असे.

ते बदलायला मला दोन वर्षे लागली. रविवारी दुपारी मी वैजूकडे जायचो आणि गॅलरीत, त्याच्याकडे पाठ करून, पाय लांब सोडून जमिनीवर बसायचो. मांडी कधीच घालायची नाही, टोपी कधीच नाही, बोलायचे नाही. तो एका टोकाला स्टीलच्या वाट्या एकात एक घालत असे, मी दुसऱ्या टोकाला पेपर वाचत असे. पुढे टोके जवळ आली. आणि शस्त्रक्रियेच्या आधीच्या उन्हाळ्यात एका रविवारी माझ्या पाठीला काहीतरी ऊबदार टेकले. मी पेपराचे पान उलटले नाही. त्याने आपली पाठ माझ्या पाठीला लावली होती आणि तसाच वाट्या लावत बसला होता. पुढे दर रविवारी ते होऊ लागले. मी लग्न केले नाही, मला मूलबाळ नाही. पाठीला पाठ लावून कुणी बसावे याची मला सवय नव्हती. वैजू दारातून पाहून आत निघून जायची. याविषयी आम्ही दोघे कधी बोललो नाही.

हे सर्व भालकाकांना सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांनी ऐकून घेतले असते आणि त्यावर समारोपाचे भाषण केले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रुग्णालयात पोहोचलो तेव्हा पहिला क्रम गेलेला होता. एका नगरसेवकाच्या पुतण्याचे टॉन्सिल त्या सकाळी एकाएकी मानाचे झाले होते. रात्रीपासून उपाशी असलेल्या पुष्करला हे समजावून सांगण्याची सोय नव्हती. दिव्यांचा भगभगीत उजेड, औषधांचा वास, लोखंडी गाड्यांच्या चाकांचा करकराट. तासाभराने तो कान झाकून गोल फिरू लागला. आणि अखेर आतून आमचे बोलावणे आले त्याच क्षणी तो भिंतीलगतच्या लांब बाकाखाली सरपटत शिरला आणि तिथे गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिला. वैजू हिरवा झगा चढवून आत गोधडीवर जाऊन बसली होती. बाकाच्या एका टोकाला तो दार उघडे असलेला पांढरा कक्ष. दुसऱ्या टोकाला जिना आणि आत्यांचा पाट. पुष्करचे तोंड भिंतीकडे. आईचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचत होता, पण तो हलत नव्हता.

आता सल्ल्यांना ऊत आला. तिथेच ताटकळत असलेल्या दुसऱ्या एका रुग्णाच्या मेहुण्याने चॉकलेट दाखवायला सांगितले, उपाशी पोटी भूल द्यायची असते हे त्याला ठाऊक असूनही. आत्यांनी बाकाखाली हळदकुंकू टाकले. भालकाकांनी दोन वॉर्डबॉय बोलावले आणि हाताची घडी घालून आज्ञा केली, की दोघांनी पाय धरावेत, दोघांनी हात. दोनच आहेत असे कुणीतरी म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले.

मुजावरबाई दारात आल्या. तोंडावरची पट्टी खाली ओढून त्यांनी सांगितले, “धरून आणलेल्या मुलाला मी भूल देणार नाही.”

“अहो मॅडम, लहान मूल आहे. जरा रडेल, मग झोपेल.”

“रडलं की नाक भरतं. या मुलाच्या नाकात आधीच वाट नाही. चौघांनी दाबलेला, उपाशी, गुदमरलेला मुलगा माझ्या टेबलावर नको. आपल्या पायांनी आला तर ठीक. नाही तर आज नाही.”

मग कधी, असे मी विचारले. या महिन्यातल्या वेळा भरलेल्या होत्या आणि पुढच्या महिन्यात सर्जन परदेशी जाणार होते. त्यानंतर बघू, असे उत्तर मिळाले.

सर्वांनाच हे ऐकून थोडे सुटल्यासारखे झाले. पुढे ढकलणे हा आपल्याकडे एक प्रकारचा निर्णयच समजतात. आत्या म्हणाल्या, तशी आज तिथीही बरी नव्हती. काकांनी पुढच्या तारखेला आपण स्वतः सर्व सूत्रे हाती घेऊ असे जाहीर केले.

वैजू दारात आली. हिरव्या झग्यात ती अगदी बारकी दिसत होती. ती ना रडली होती, ना रागावली होती. एखादे अवघड गणित सुटल्यावर माणूस वहीकडे पाहतो तसे तिने आधी बाकाकडे पाहिले, मग जिन्याकडच्या पाटाकडे, मग माझ्याकडे.

“आज परत गेलो तर तो या इमारतीची पायरी पुन्हा चढणार नाही, दादा,” ती म्हणाली. “आणि परवा त्याचा श्वास थांबला तो मी हलवूनही लवकर आला नाही.”

मी मान हलवली.

“तू पाटावर बस.”

“वैजू, तो माझ्या जवळ येणार नाही.”

“मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगतेय.” मग, माझ्याकडे न पाहता, “मांडी घाल. काकांची टोपी घे.”

माणसाला एखादी गोष्ट समजायला किती वेळ लागतो, याबद्दल मी वर्गात पुष्कळ बोलत असे. तिथे मला काहीच वेळ लागला नाही. समजल्यावर मात्र हात टोपीसाठी पुढे व्हायला वेळ लागला. “रविवारचं काय?” असे काहीतरी मी विचारले असावे. ती आत गेली, गोधडीवर बसली आणि मुखवटा स्वतःच्या नाकाला लावून शांतपणे श्वास घेऊ लागली. उघड्या दारातून ती मला दिसत होती.

भालकाकांना अत्यानंद झाला. नव्या शिक्षणाने बिघडलेला माणूस अखेर परंपरेपुढे नमला होता. त्यांनी आपली काळी टोपी माझ्या डोक्यावर स्वतःच्या हाताने बसवली, आत्यांनी पुढे होऊन गंध लावले आणि उपरणे नव्हते म्हणून आपली शाल माझ्या खांद्यावर टाकली. मी पाटावर बसलो. बाकाखालच्या मुलाला पूर्ण दिसेन असा. मांडी घातली. आणि जावळाच्या दिवशी बसलो होतो तसा ताठ होऊन दोन्ही हातांनी मांडी थोपटली.

“पुष्कर,” मी हाक मारली. “ये. मामाच्या मांडीवर ये.”

हाकेला कधी न वळणारा मुलगा वळला. त्याने पाहिले. टोपी पाहिली, शाल पाहिली, मांडी पाहिली. आणि मग, जे तो सहसा करत नसे, माझ्या डोळ्यांत पाहिले. ते पाहणे मी वर्णन करणार नाही. त्याने काही विचारले असे म्हणणे म्हणजे कथालेखकाची लबाडी होईल. तो फक्त खात्री करून घेत होता, की रविवारी पाठ लावून बसतो तो माणूस आणि हा माणूस एकच आहे.

मी पुन्हा मांडी थोपटली.

तो बाकाखालून कक्षाकडच्या टोकाने निघाला, उठला आणि झपाझप चालत, आपल्या पायांनी, त्या उघड्या दारातून आत गेला. आत गेल्यावर तो थांबला, मागे फिरला आणि दोन्ही हातांनी ढकलून त्याने दार माझ्यावर बंद केले.

काही वेळाने मुजावरबाई फक्त सांगायला बाहेर डोकावल्या. त्याने गोधडीवर बसून वैजूच्या हातून मुखवटा घेतला होता, स्वतः नाकावर धरला होता आणि आईच्या अंगावर कलला होता. “अशी भूल मी आजवर मोठ्या माणसालाही दिलेली नाही,” त्या म्हणाल्या. माझ्या डोक्यावरच्या टोपीकडे त्यांनी जरा पाहिले, काही विचारावेसे त्यांना वाटले असावे. मग त्या दार लावून आत गेल्या.

“पाहिलंत?” भालकाका जमलेल्या मंडळींना म्हणाले. “मामाच्या मांडीचा गुण.”

मांडीवर कुणी बसलेच नव्हते, ही किरकोळ बाब कुणाच्या लक्षात आली नाही. परंपरेला पुरावा लागत नाही, पाट लागतो.

शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. दुपारी त्याला खाटेवर आणले तेव्हा सगळे घराणे पहिल्या शब्दासाठी खाटेभोवती उभे होते. आत्यांनी पेढ्यांच्या खोक्याची दोरी सोडून ठेवली होती. हेमंतरावांना गाडीसाठी जागा मिळाली होती, तेही हजर होते. पुष्करने डोळे उघडले. समोर वाकलेली तोंडे पाहून तो आक्रोश करू लागला. भालकाकांनी सर्वांना गप्प केले आणि आशीर्वादासाठी त्याच्या गालावर हात ठेवला. पुष्करने त्यांचे बोट दातांत पकडले. घराण्याला त्या दिवशी जो बहुप्रतीक्षित उद्गार ऐकायला मिळाला, तो भालकाकांचा होता, आणि तो लिहिण्याजोगा नाही. पेढे परिचारिकांना वाटून टाकले.

मी त्या वेळी व्हरांड्यात उभा होतो. आत जायचे नाही हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी मी गॅलरीत जाऊन, पाय लांब सोडून, पाठ करून बसलो. संध्याकाळपर्यंत बसलो. पुष्कर त्या दिवशी गॅलरीत आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. मी आणखी वर्षभर जात राहिलो, मग वैजूला अवघडल्यासारखे होऊ लागले म्हणून गॅलरीत बसायचे सोडून दिले. मी दिवाणखान्यात खुर्चीवर बसू लागलो. माझी चाहूल लागली की तो आतल्या खोलीत जाई आणि दार लावून घेई. एका तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाला याबद्दल तक्रार करता येत नाही. त्याच्याकडे आता तीन दाखले होते.

भालकाका त्यानंतर पुष्कळ वर्षे जगले. घरातल्या प्रत्येक बारशाला, प्रत्येक मुंजीला त्यांनी मिरजेची हकीकत सांगितली. दरवेळी पुष्कर माझ्या मांडीवर अधिकाधिक वेळ बसू लागला, आणि शेवटच्या आवृत्तीत तर माझ्या मांडीवरच त्याला झोप लागून शस्त्रक्रिया झाली होती. ऐकणारे माझ्याकडे कौतुकाने पाहत. मी प्रतिवाद केला नाही. माझ्या आयुष्यातला तो एकमेव वाद, जो मी जिंकू शकलो असतो आणि घातला नाही.

पुष्कर आता तरुण आहे. माझ्याहून उंच. थोडे बोलतो, गरजेपुरते, आणि ते गाठीमुळे नव्हे, वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या एका बाईंमुळे. दार लावून घेणे हाच पुष्करचा स्वभाव आहे असे वाटू नये. तो इतरांशी चांगला वागतो.

मागच्या महिन्यात मी वैजूकडे गेलो तेव्हा दुपारची वेळ होती. हेमंतराव बाहेर होते. वैजूने बोटाने खूण करून मला आतल्या खोलीच्या दाराशी नेले. दार उघडेच होते. पुष्कर कुशीवर झोपला होता, तोंड मिटून, संथ श्वास घेत. आम्ही उंबऱ्याशी उभे राहिलो.

“ऐकू येतंय काही?” तिने कुजबुजत विचारले.

मी कान दिला. रस्त्यावरची भाजीवाली, खालच्या घरातली शिवणाची मशीन. खोलीतून काहीच नाही.

“नाही,” मी म्हणालो.

“मलाही नाही,” ती म्हणाली, आणि तरी आम्ही दोघे ऐकत राहिलो.

मग तो कूस बदलू लागला. त्याला जाग यायच्या आत मी बाहेर जाऊन चपला घातल्या.